लिफ्ट सुस्थितीत आहे

सरकारला कुणी काही विचारलं की उत्तर मी देतो. फुशारकी मारत नाही, माझी नोकरीच ती आहे. सभागृहात मंत्री उभे राहून जे वाचतात, ते आधी माझ्या टेबलावर लिहिलेलं असतं. आमदार छापील प्रश्न पाठवतात, 'हे खरे आहे काय?' आम्ही लिहितो, 'हे खरे नाही.' फारच अंगाशी येत असेल तर 'हे अंशतः खरे आहे.' पुढे 'असल्यास, त्याची कारणे काय?' असं विचारलेलं असतं, त्यावर 'प्रश्न उद्भवत नाही.' या तीन वाक्यांवर माझा संसार झाला, मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं. 'हे खरे आहे' असं मात्र मी कधी लिहिलं नव्हतं. मनाई नाही हो कुणाची, पण लिहिणारा उद्या कुठल्या टेबलावर बसेल ते सांगता येत नाही.

त्या अधिवेशनात प्रश्न आला तो सरकारी प्रसूती रुग्णालयाच्या लिफ्टचा. विचारणारे आमदार म्हणजे आमच्या खात्याची डोकेदुखी. खात्यात त्यांना खुसपटराव म्हणायचे. या माणसाला चैन म्हणून नाही. शाळेला छप्पर का नाही विचारणार. आहे म्हटलं, तर मग वर्गात ऊन कसं येतं विचारणार. आता त्यांनी विचारलं होतं की, प्रसूती कक्ष तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट कित्येक महिने चालत नाही, अडलेल्या बायकांना खुर्चीत बसवून जिन्याने वर उचलून नेतात, हे खरे आहे काय?

खरं होतं. मला चांगलं ठाऊक होतं, कारण त्याच तिसऱ्या मजल्यावर माझी बायको सिस्टर आहे. आणि आमच्या लेकीचे दिवस भरत आले होते. तिचं ब्लडप्रेशर वर गेलेलं, डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं की एकही जिना चढायचा नाही. पण बाळंतपण होईल तर आईच्या हाताखालीच, हा तिचा हट्ट.

"अहो, या वेळी तरी खरं लिहा," बायको जेवताना म्हणाली. "परवा त्या खुर्चीचा दांडा निसटला. बाईचं नुसतं मनगट मुरगळलं म्हणून बरं. उद्या आपली पोर असेल त्या खुर्चीत."

"अगं, मी काय मनचं लिहितो? खालून माहिती येते, तिच्यावरून उत्तर तयार होतं."

"खालून म्हणजे माझ्याकडूनच ना? आज मीच लिहून दिलंय. मोटर जळाली आहे, लिफ्ट जागची हलत नाही."

"मग झालं तर! येईल की वर."

येईल कसलं, डोंबल! बायकोचा कागद रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे गेला. त्यांनी लिहिलं, लिफ्टची देखभाल नियमित होते. लिफ्टमधला केर रोज काढत होते, त्यामुळे खोटंही म्हणता येईना. तिथून तो जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी भर घातली की, लिफ्टबद्दल एकही तक्रार नाही. तक्रारपेटीची किल्ली हरवली होती, त्यामुळे पेटी उघडायचा प्रश्नच नव्हता. मग कागद आमच्या उपसचिवांकडे आला. आमचे हे साहेब अतिशय सज्जन गृहस्थ, कुणालाच दुखवत नाहीत, त्यातून वरच्याला तर नाहीच नाही.

"देखभाल होते, तक्रार नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे लिफ्ट सुस्थितीत आहे असंच म्हणायला हवं, नाही का?"

"होय साहेब," मी म्हटलं, आणि लिहिलं, 'हे खरे नाही. लिफ्ट सुस्थितीत आहे.' बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला, नाही असं नाही. पण हाताला सवय फार वाईट, तो लिहून मोकळा झाला.

सभागृहात मी अधिकाऱ्यांच्या सज्जात बसलो होतो. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. खुसपटराव उठले.

"अध्यक्ष महोदय, लिफ्ट सुस्थितीत आहे ना? फार आनंद झाला. मग मंत्रिमहोदयांनी माझ्यासोबत त्या लिफ्टमध्ये बसून तिसऱ्या मजल्यावर यावं."

आमच्या मंत्र्यांना कुणी डिवचलं की ते हटकून चढतात. "उद्याच येतो!" ते गरजले. "आणि सन्माननीय सदस्यांनी येताना माझ्यासाठी हार घेऊन यावा!" त्यांच्या बाजूची बाकं दणादण वाजली. साहेबांच्या कपाळावर घाम आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आमच्याकडे एक रीत आहे. मंत्री सभागृहात जे बोलतात ते खरं असतं. नसलं, तर खात्यानं ते खरं करून द्यायचं असतं. नाहीतर सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग येतो, मंत्री अडचणीत येतात आणि आधी आमच्यासारख्यांची गच्छंती होते. त्यामुळे त्याच संध्याकाळी आम्ही सगळे रुग्णालयात हजर.

लिफ्टच्या मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "मोटर नवी लागेल. महिनाभर जाईल."

"अहो, मंत्री उद्या सकाळी येताहेत!" साहेब म्हणाले.

"मग त्यांना महिनाभरानं यायला सांगा."

अधीक्षकांना अचानक आठवलं, लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर सोडवायला गच्चीवरच्या खोलीत एक चाक असतं. एकानं ब्रेक सुटा राहावा म्हणून त्याचा दांडा दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाक हातानं फिरवायचं, की लिफ्ट हळूहळू सरकते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांना पाहायला कुणीच उरलं नव्हतं.

सकाळी खाली मंत्री, खुसपटराव आणि अधीक्षक लिफ्टमध्ये चढले. वर साहेब ब्रेकच्या दांड्यावर, मी आणि जिल्हा अधिकारी चाकावर. चाक हे असं भलं थोरलं गरगर फिरवावं, तेव्हा लिफ्ट जेमतेम वीतभर हलणार. शर्ट अंगाला चिकटले. खालचं बोलणं लिफ्टच्या भुयारातून आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं.

"बघा, कशी अलगद जाते!" मंत्री म्हणत होते. "खासगी दवाखान्यातल्या लिफ्टा नुसते हिसके देतात."

"हे कण्हल्यासारखं काय ऐकू येतंय?" खुसपटरावांनी विचारलं.

"पंखा आहे," अधीक्षक म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर खुसपटरावांनी निमूटपणे हार घातला. मंत्री हारात इतके फुलले की तिथेच घोषणा करून बसले, "आजपासून एकही बाळंतीण जिन्यानं वर जाता कामा नये!" टाळ्या पडल्या. मी गच्चीवरून लटपटत खाली आलो तर समोर बायको उभी. माझा अवतार पाहून तिला सगळं कळलं.

"वा!" ती म्हणाली. "मंत्र्यांसाठी फिरतं वाटतं चाक." आणि पाठ फिरवून वॉर्डात गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घोषणा झाली म्हणजे ती पाळणं आलं. चाक फिरवायला खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या पाळ्या लागल्या. शिपायांना लावता येईना, बातमी फुटली असती. मग काय विचारता! बड्या बड्या लोकांनी फायली गच्चीवर नेल्या. खालून घंटा वाजली की पेन टाकून चाकाला भिडायचं. खात्याला इतका घाम कधीच आला नव्हता. एकेकाच्या तळहातावर हे एवढाले फोड. दरम्यान नव्या मोटरचा जुना प्रस्ताव माझ्याच टेबलावर आला. साहेबांनी सांगितलं तसा मी शेरा मारून परत पाठवला, 'लिफ्ट सुस्थितीत असल्याने नवीन मोटरचा प्रश्न उद्भवत नाही.' शेरा मारताना पेन धरवत नव्हतं, तरी मारला. काय म्हणावं मला? मीच मला बरंच काही म्हणून घेतलं.

मग तो दिवस आला. गच्चीवर पाळी माझी आणि साहेबांची. फोन वाजला.

"अहो, पोरीला घेऊन खाली उभी आहे," बायको म्हणाली. "कळा सुरू झाल्यात, आणि प्रेशर भलतंच वाढलंय. चाकावर कोण आहे?"

"मी आहे."

"मग फिरवा. आणि मध्ये थांबलात तर याद राखा."

साहेबांनी दांडा दाबला, मी चाक धरलं. पहिला मजला गेला. दुसराही गेला. फोड फुटून चाक ओलं झालं होतं, पण मी दात-ओठ खाऊन फिरवत होतो. आणि एकाएकी चाक गच्च झालं. साहेबांचा हात दांड्यावरून सुटला होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

खालून लेकीची किंकाळी आली, "बाबा!"

"साहेब, दांडा दाबा!"

"हात वळत नाही हो. नुसती आग होतेय. जरा दम घेऊ—"

"दम कसला घेताय!" मी ओरडलो. साहेबांवर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. "माझी पोर आहे त्यात! दाबा म्हणतोय ना!"

साहेबांनी रुमाल हाताला गुंडाळला, दोन्ही हात दांड्यावर ठेवले आणि छाती टेकवून सगळा भार दिला. "दाबला! फिरव, बाबा, फिरव!" मी फिरवत होतो आणि ढसाढसा रडत होतो. लाज कसली त्यात? लिफ्ट एकदाची तिसऱ्या मजल्याला लागली, जाळी उघडल्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघे तिथेच जमिनीवर बसकण मारून राहिलो.

बऱ्याच वेळानं बायको वर आली. "नात झाली तुम्हाला," ती म्हणाली. "दोघी सुखरूप आहेत." मग खाली बसून तिनं आधी साहेबांच्या हाताला पट्टी बांधली, नंतर माझ्या. गाठ मारताना म्हणाली, "आता या हातानं काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

ठरवायची वेळ लगेच आली. पंख्याच्या कण्हण्यावर खुसपटरावांचा काही विश्वास बसला नव्हता. त्यांचा नवा प्रश्न आला, 'सदर लिफ्ट खात्याचे अधिकारी हाताने फिरवतात, हे खरे आहे काय? असल्यास, नवी मोटर केव्हा बसवणार?'

खालून माहिती मागवली. अधीक्षकांचा कागद आला, 'होय, फिरवतात.' जिल्हा अधिकाऱ्यांनी त्यात काना-मात्रेचा फरक केला नाही, त्यांचीही पाळी नुकतीच होऊन गेली होती. मी पेन उचललं. पट्टीमुळे अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं, 'हे खरे आहे. नवी मोटर येत्या आठवड्यात बसवण्यात येईल.' कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांच्या हातालाही पट्टी होती. त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं, आता 'अंशतः' घालायला सांगणार.

"आठवडा?" साहेब म्हणाले. "फार नाही का होत?"

"कमी करू का, साहेब?"

"राहू दे. आठवडा कसाबसा निघेल." आणि त्यांनी पट्टीच्या हातानं सही केली.

आमचे मंत्री उत्तर आधी कधीच वाचून बघत नाहीत. सभागृहात ते ऐटीत उठले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "हे खरे आहे. नवी मोटर येत्या आठवड्यात बसवण्यात येईल." मग थबकले. कागद उलटा करून पाहिला, मागे काहीच नव्हतं. त्यांनी वर सज्जाकडे पाहिलं, तर साहेब आणि मी आपापल्या पट्ट्या न्याहाळत होतो. तोंडातून गेलं होतं, कामकाजात लिहिलं गेलं होतं, आता ते खरं करणं भाग होतं. खुसपटराव पुढच्या प्रश्नांची भलीमोठी तयारी करून उभे होते, ती सगळी फुकट गेली. "अध्यक्ष महोदय, माझं... माझं समाधान झालं आहे," ते म्हणाले आणि दचकून खाली बसले.

आठवड्याच्या आत मोटर बसली, महिना-बिहिना काही लागला नाही. माझ्या बदलीचा हुकूमही त्याच आठवड्यात निघाला. आता मी तळघरात जुन्या फायली सांभाळतो. तिथे मला कुणी काही विचारत नाही.

नातीला डोस द्यायला नेलं तेव्हा आम्ही सगळे त्या लिफ्टमध्ये चढलो. लेकीनं बटण दाबलं, लिफ्ट सरसर वर निघाली. मी दोन्ही हातांनी हवेत काहीतरी फिरवत होतो, माझ्या लक्षातही आलं नाही. बायकोनं माझे हात धरले आणि नातीला त्यांत ठेवलं.

"सोडा आता ते चाक," ती म्हणाली. "हिला धरा."