नाल्याकाठची मोजणी

परतूरच्या बाजारामागच्या नाल्यापाशी तृप्तीला तिसऱ्या दिवशीही ओकारी आली. ती जालन्याला एम.एस्सी. करत होती. गावात कुठे किती जातींचे किडे सापडतात, याचं सर्वेक्षण तिच्याकडे होतं. साबणाच्या पाण्याचे पिवळे वाडगे जागोजागी ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यात पडलेले किडे गाळून मोजायचे. शाळेच्या बागेतलं काम सोपं गेलं होतं. इथे मात्र वाडगा जागेवर नव्हताच.

काठावरच्या हॉटेलाचा मालक कारभारी याने खरकट्याची बादली ओतली होती आणि वाडगा खाली चिखलात गेला होता. त्यावर आंबलेल्या भाताचा थर, थरात अळ्यांची वळवळ. तृप्तीने तोंड फिरवलं.

"सरका ताई." नाला साफ करणाऱ्या सत्यशीलाबाई खाली उतरल्या आणि उघड्या हातानं वाडगा उचलून त्यांनी वर दिला. "ह्या शेपटीवाल्या बघा. पाणी लई सडलं की मंगच येतात. पुलाखाली अजून न्हाईत."

अळ्यांना खरंच लांब शेपट्या होत्या. तृप्तीने त्या फक्त पुस्तकात पाहिल्या होत्या.

हात साबणाने धुऊन दोघी हॉटेलावर पाणी प्यायला गेल्या. कारभारीने तृप्तीपुढे ग्लास ठेवला. दाराबाहेर थांबलेल्या सत्यशीलाबाईंच्या ओंजळीत मात्र तांब्या उंच धरून वरून धार सोडली.

"त्यांनाही ग्लास द्या."

"गिऱ्हाईकाला किळस येते, मॅडम."

"घाण तर तुमचीच होती."

"तुम्ही किडे मोजा ना," कारभारी हसला.

तृप्तीने ग्लास तोंडाला न लावताच परत सरकवला. तिच्या गावी, वाटूरला, शेतात कामाला येणाऱ्या बायांना तिची आईही अशीच धार सोडायची. तेव्हा तिला कधी काही वाटलं नव्हतं.

बाहेर येऊन तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. सत्यशीलाबाईंनी मान हलवली.

"पाणी पिले मी. ठेकेदाराकडं हातमोजे मागून दोन वर्सं झाले, तेवढा अर्ज लिहून द्या."

तृप्तीने तिथेच लिहिला. उघड्या हातांना नाल्यात कोणत्या अळ्या, कोणत्या माश्या लागतात, सगळं घातलं. सत्यशीलाबाईंनी वाचून सही केली.

दोघी अर्ज घेऊन नालेसफाईच्या ठेकेदाराच्या ऑफिसात गेल्या. तो नाकाला रुमाल लावून बसला होता. "टेबलावर ठेवा," तो म्हणाला.

सत्यशीलाबाईंनी कागद ठेवला नाही. हात पुढे धरून त्या उभ्या राहिल्या. तृप्तीही हलली नाही. शेवटी त्याने रुमाल खाली ठेवला आणि त्यांच्या हातातून अर्ज घेतला.