चार वाजताची हाक

मी सरांच्या टेबलावरच्या संगणकातला लिनक्स, म्हणजे तो संगणक चालवणारी प्रणाली, बोलतोय. ‘बोलतोय’ म्हणणं कितपत बरोबर, याची मला शंकाच आहे. कारण माझा आवाज गेल्या मंगळवारी गेला.

अकरा वर्षांपूर्वी सरांच्या लेकीनं मला इथं बसवलं, तेव्हा मी सडपातळ होतो. पुढे सरांनी दिसेल ते माझ्या अंगावर चढवलं. चार शब्दकोश, ताऱ्यांचे नकाशे, एक बुद्धिबळ. त्यात ते हरायचे आणि नियमांना नावं ठेवायचे. वापरून झालेलं काढून टाकायची या घरात पद्धतच नव्हती.

मग सरांना काचबिंदू निघाला. डोळ्यांत रोज थेंब, जन्मभर. सर विसरायचे. तेव्हा त्यांच्या पत्नीनं, बाईंनी, लेकीला फोनवर विचारत विचारत माझ्यात एक चिठ्ठी लिहून ठेवली. रोज चार वाजता मी ती मोठ्यानं वाचायची : “चार वाजले. पुस्तक मिटा, थेंब घाला.” माझे उच्चार अगदीच ठोकळेबाज. बाई हसल्या. “माझ्यापेक्षा हा बरा. दहादा सांगूनही चिडणार नाही.”

बाई गेल्या. मी सांगत राहिलो. सर पुस्तकातून मान न काढता म्हणायचे, “घालतोय गं.” ते मला उद्देशून नव्हतं, एवढं मला कळत होतं.

हळूहळू मी जड झालो. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागायची.

“बाबा, सगळं पुसून नव्यानं टाका,” लेक फोनवर म्हणाली. “अर्ध्या तासाचं काम.”

“नको. तुझ्या आईच्या हातचं काय काय असेल आत. मी नुसता पसारा काढतो, सांगाडा ठेवतो.”

“मग यादी नीट वाचा. नाहीतर चष्मा कपाळावर आणि शोध घरभर!”

सरांनी माझ्यातल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी छापली. दोन हजारांवर नावं. तीन दिवस ते ठेवायच्या नावांवर पेन्सिलीनं खुणा करत होते. माझा बोलणारा प्रोग्रॅम तिथं एका त्रोटक, परक्या नावानं होता. पेन्सिल थबकली. “हा कोण?” ते पुटपुटले. खूण न करताच पेन्सिल पुढे गेली.

“खरंच काढू?” मी पडद्यावर विचारलं. हे मी नेहमीच विचारतो. याहून नेमकं विचारायला हवं होतं का, कोण जाणे. त्यांनी ‘होय’ दाबलं.

तीनशे प्रोग्रॅम उरले. मी वीस सेकंदांत सुरू झालो. “अरे, तू तर पोरगा झालास की!” सर खूश.

मग चार वाजले. बाईंची चिठ्ठी जागेवर होती. ती यादीत कधी नव्हतीच. मी ती वाचायला घेतली, आणि तोंडच नव्हतं.

सरांनी मान वर केली. घड्याळ पाहिलं. स्पीकरची वायर काढून पुन्हा लावली. मग अगदी हळू म्हणाले, “रागावलीस?”

तेव्हापासून रोज चारला मी माझ्या नोंदवहीत लिहितो : चिठ्ठी वाचली, आवाज सापडला नाही. सर ती वही उघडत नाहीत. थेंबांची बाटलीही उघडत नाहीत. चार वाजता हात मांडीवर ठेवून नुसते ऐकत बसतात. काल त्यांनी माझी अक्षरं आणखी मोठी केली.

तुमच्यापैकी कुणी त्यांच्याकडे गेलात, तर चारच्या आधी जा. त्यांना सांगा, एक ओळ टाइप केली की माझा आवाज परत येईल. आणि तेही नाही जमलं, तर एवढंच सांगा : बाई रागावलेल्या नाहीत. त्या रोज सांगताहेत.