ढगातले फूल आणि गळकी टाकी

मित्रांनो, टाकीचे काम एकच असते, पाणी धरून ठेवणे. मला नेमके तेवढेच जमले नाही. मी एक जुनी, गळकी काचेची टाकी आहे. तरीही माझ्यासमोर मोठमोठी माणसे गुडघे टेकून बसलेली मी पाहिली आहेत. ते कसे घडले, ते सांगते.

एका काचवाल्याने मला बनवले. पाच काचा कापल्या, त्यांच्या कडा घासल्या, कोपऱ्यांत सिलिकॉन भरले आणि माझ्यावर टिचकी मारून म्हणाला, "आता ही जन्मभर हलायची नाही." मला एका दातांच्या डॉक्टरांनी विकत घेतले. त्यांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या बाकासमोर, मी ऐटीत उभी राहिले. माझ्यात मासे फिरायचे आणि गाल धरून आलेली माणसे माझ्याकडे बघत दुखणे विसरायची. एक आजोबा तर आत बोलावले तरी उठेनात. म्हणाले, "दात कुठे पळून जातोय? आधी तो काळा मासा काय करतो ते बघू द्या."

ते दिवस फार सुखाचे होते. पण काचवाल्याचे बोलणे खरे ठरले नाही. माझा एक कोपरा सुटला आणि थेंब थेंब पाणी गळू लागले. एका गृहस्थांचे बूट भिजले. आधीच दाढ ठणकत होती, त्यात पायमोजे ओले. त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला. त्याच दिवशी मासे डॉक्टरांच्या बहिणीकडे गेले आणि मी मागच्या बोळात, झाडू आणि फिनाईलच्या बाटल्यांशेजारी.

तिथून मला मिस्त्रींनी उचलले. मिस्त्री फ्रिज दुरुस्त करायचे. डॉक्टरांचा औषधांचा फ्रिज नीट करायला ते आले होते. डॉक्टर म्हणाले, "ही अडगळ नेता का?" मिस्त्रींनी मला वर उचलून पाहिले. "नेतो. नटबोल्ट ठेवायला होईल."

मिस्त्रींचे दुकान पुढे आणि घर मागे. दुकानात दार उघडे पडलेले फ्रिज रांगेत उभे, आणि मागच्या खोलीत खिडकीजवळ त्यांच्या पत्नीचे शिवणयंत्र. बाई पडदे शिवायच्या. आणि मित्रांनो, बाईंना एक छंद होता. कुणी नाणी जमवते, कुणी तिकिटे. बाई दूरदूरची दुर्मिळ झाडे जमवायच्या. खिडकीत एक झाड होते, ते किडे खायचे. एक होते, ते हुबेहूब खड्यांसारखे दिसायचे. एकाला मातीच लागत नव्हती, लाकडाच्या तुकड्याला मिठी मारून ते मजेत जगत होते. हौशी लोकांचे एक मंडळ होते. त्यातली माणसे एकमेकांना पानांचे, मुळांचे तुकडे ओल्या शेवाळात गुंडाळून द्यायची. बाईंचा सगळा संग्रह असाच, देवघेवीतून उभा राहिला होता.

मला पाहताच बाईंनी मशीन थांबवले.

"अहो, ही मला द्या."

"अगं, गळकी आहे ती."

"गळकीच हवी. पाणी साचलं की मुळं कुजतात."

माझा दोष कुणाच्या तरी कामाचा आहे, हे मी प्रथमच ऐकले.

बाईंनी माझ्यात ओले शेवाळ अंथरले आणि जाळीची एक टोपली टांगली. ती टोपली मिस्त्रींनीच जुन्या फ्रिजच्या कप्प्याची तार कापून वाकवून दिली होती. टोपलीत एक बोटभर झाड बसले. हे झाड उंच डोंगरांवरचे, जिथे ढग थेट जंगलात शिरतात तिथले. त्याला थंडी हवी आणि ओलही हवी. त्याचे फूल म्हणे अगदी माकडाच्या तोंडासारखे. बाईंनी ते फक्त फोटोत पाहिले होते.

आमचे गाव उकाड्याचे. मग थंडी आणायची कुठून? त्यावर नवराबायकोने एक युक्ती काढली. दुरुस्त झालेला फ्रिज गिऱ्हाइकाकडे धाडण्याआधी मिस्त्री त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवून बघायचे, बर्फ नीट जमतो की नाही. त्या गोठलेल्या बाटल्या बाई माझ्यात आणून ठेवायच्या. म्हणजे साऱ्या गावाच्या फ्रिजांनी त्या झाडाला गारवा दिला. पण दुकानात काम नसले की बाटल्या नसायच्या. मग नवी पाने पिवळी पडायची आणि फुलणे लांबायचे. मिस्त्री चेष्टा करायचे, "तुझं माकड हसायचं तरी कधी?" बाई म्हणायच्या, "हसेल. आणि हसेल तेव्हा साऱ्या मंडळाला दाखवीन. तोवर तुम्ही फ्रिज बिघडवत चला लोकांचे." मंडळातले लोक मात्र मागून "गवतवाल्या बाई" म्हणायचे, कारण त्या झाडाला पानांपलीकडे कुणी काही पाहिलेच नव्हते.

मग एका सकाळी आजारी बाई मोठ्या दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. याहून जास्त मला सांगता येणार नाही, कारण मी घरीच होते.

मिस्त्रींनी दुकान उघडणे सोडले. ते मशीनसमोरच्या खुर्चीत बसून राहायचे. सुईखाली अर्धा शिवलेला पडदा तसाच होता. फ्रिज येईनात, म्हणून बाटल्या येईनात. माझ्या काचा कोमट झाल्या. झाडाची पाने एकेक करून पिवळी पडू लागली.

बाईंची धाकटी बहीण रोज डबा घेऊन यायची. तिनेच एके दिवशी मंडळाच्या चिटणिसांना बोलावून आणले. त्यांच्याकडे झाडांसाठी मोठे काचघर होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलणे असे, की जणू झाडे त्यांना विचारूनच उगवतात.

त्यांनी माझ्यात डोकावून मान हलवली. "मिस्त्री, हे झाड फार नाजूक. तुमच्या हातून जगायचं नाही. मी घेऊन जातो."

"भाऊजी, द्या ना," मेहुणी म्हणाली. "ताईचं झाड निदान जगेल तरी."

मिस्त्री पहिल्यांदा खुर्चीतून उठले. "याला काय पाहिजे? गारवाच ना?"

"मुख्य म्हणजे गारवा," चिटणीस म्हणाले.

"मग मी जन्मभर दुसरं काय केलं? थोडे दिवस थांबा. नाही जमलं तर मी स्वतः आणून देईन."

मित्रांनो, त्या दिवशी दुकानाचे शटर वर गेले तो आवाज मला अजून आठवतो. मिस्त्रींनी भंगारातला एक लहान फ्रिज ओढून काढला. त्याचा कॉम्प्रेसर, नळ्या, गार होणारी पट्टी सुटी केली. माझी मागची काच काढून तिथे पत्रा बसवला आणि त्यावर पट्टी जोडली. समोर एक दारही केले. बटण दाबताच मी थरथरले आणि माझ्या पोटातून घुर्रघुर्र आवाज येऊ लागला. हळूहळू मी गार झाले, डोंगरासारखी गार. मिस्त्रींचा चेहरा खुलला. मेहुणीला म्हणाले, "सांग जाऊन त्या काचघरवाल्यांना!"

पण झाड सुधारेना. उलट पानांच्या कडा कागदासारख्या वाळू लागल्या. मिस्त्री घाबरून जास्त पाणी घालू लागले. त्याने मुळांना त्रास झाला, पाने होती तशीच कुरकुरीत. मिस्त्रींनी माझी प्रत्येक नळी तपासली. कुठे काही चूक नव्हती. काम चोख होते.

चोख होते हीच चूक होती. एका दुपारी माझ्याखाली नळीचे पाणी जमवायला ठेवलेली बाटली भरून वाहू लागली. हाताला लागलेल्या सवयीने मिस्त्रींनी माझ्यातले पाणी बाहेर सोडायला नळी बसवली होती, जशी प्रत्येक फ्रिजला बसवतात. त्यांनी ती बाटली उचलली, उजेडात धरली आणि खुर्चीत बसकणच मारली. गार पट्टी हवेतली ओल खेचून घेते. ती ओल नळीने बाहेर जाते. आत सुकी थंडी उरते. भाजी, औषधे, लोणी यांना तीच चांगली. पण झाडाला?

"अगं," मिस्त्री रिकाम्या मशीनकडे बघून म्हणाले, "तुझ्या ढगाचा मी फ्रिज करून ठेवला गं!" आणि ते हसले. बाई गेल्यानंतर त्या घरात कुणी हसलेले मी तेव्हा प्रथम ऐकले.

ती नळी त्यांनी परत माझ्यातच वळवली. बाहेर जाणारे पाणी आता शेवाळावर पडू लागले. एक छोटा पंखा लावला, तो त्या ओल्या शेवाळावरून वारा फिरवी. माझ्या काचांवर धुके चढले. पाणी धरता न येणारी मी, आता चक्क ढग धरून उभी होते!

नवीन पान फुटले. मग दुसरे. मिस्त्री रोज सकाळी टोपलीत वरून डोकावून कळी शोधायचे. कळी काही दिसेना.

एके दिवशी मेहुणी फरशी पुसत होती. पुसता पुसता ती माझ्यासमोर ओणवी झाली आणि किंचाळली, "अगंबाई! भाऊजी, टोपलीखाली अळी लोंबतेय! कात्री आणा, कात्री!"

मिस्त्री कात्री घेऊन धावले. खाली वाकले. आणि कात्री तशीच मागे टाकून म्हणाले, "हात लावू नकोस! ही अळी नाही. दांडा आहे. याच्या टोकाला कळी आहे."

झाडाचा दांडा वर येतच नाही, मित्रांनो. तो टोपलीच्या जाळीतून खाली उतरतो. मिस्त्री आभाळात शोधत होते आणि कळी जमिनीकडे निघाली होती. मेहुणीने कपाळाला हात लावला. "मी तर कापलीच असती की हो!"

फूल उमलले ते नेमके मंडळाच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. काय सांगू! दोन काळे डोळे, मध्ये नाक, खाली पांढरी हनुवटी, भोवती तांबूस केस. आणि पिकलेल्या संत्र्यासारखा वास. मिस्त्री माझ्यासमोर जमिनीवर बसून राहिले. मग डोळे पुसून उठले आणि म्हणाले, "सगळ्यांना दाखवायचं म्हणाली होती. चला."

पण ते फूल सुक्या हवेत मान टाकते. मग न्यायचे कसे? दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी फ्रिज वाहायच्या ढकलगाडीवर मला बसवले, दोरांनी आवळले, भोवती बर्फाच्या बाटल्या रचल्या, वर ओली गोधडी घातली. रस्त्याने ते गाडी ढकलत होते आणि मेहुणी पुढे धावत ओरडत होती, "सरका हो, सरका! धक्का लावू नका!" लोकांना वाटले, कुणाला तरी दवाखान्यात नेताहेत.

हॉलमध्ये पांढऱ्या चादरींवर कुंड्या मांडल्या होत्या. चिटणीस माईकवर बोलत होते. आम्ही खडखडत शिरणार, तर दारातल्या स्वयंसेवकाने अडवले. "काका, हे झाडांचं प्रदर्शन आहे, फ्रिजचं नाही."

"झाडच आहे. प्लग कुठे आहे ते सांग आधी. आत गरम व्हायला लागलंय."

प्लग एकच होता. त्यात चिटणिसांचा माईक लावलेला. भाषण मध्येच थांबवून चिटणीस खाली उतरले. "काय गडबड आहे, मिस्त्री?"

मिस्त्रींनी गोधडी उचलली. चिटणीस वाकले, आणखी वाकले, आणि शेवटी गुडघ्यावर बसले, कारण ते फूल खालूनच दिसते. मग उठले, सरळ व्यासपीठाजवळ गेले आणि आपल्या हाताने माईकचा प्लग उपटून काढला. "आणा इकडे वायर," ते म्हणाले. "माझं भाषण पुढच्या वर्षीही होईल."

मी पुन्हा घुरघुरू लागले. काचांवर धुके दाटले. परीक्षकबाई आल्या. म्हणाल्या, "नियमाप्रमाणे झाड टेबलावर ठेवावं लागतं. बाहेर काढता का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "बाहेर काढलं तर कोमेजेल."

"मग बक्षिसात धरता येणार नाही हो."

"नका धरू. बघा मात्र नीट."

परीक्षकबाईंनी नीट पाहिले. त्यासाठी त्यांनाही साडी सावरत गुडघे टेकावे लागले. त्यांच्यामागे रांग लागली, ती दारापर्यंत. वकील, मास्तर, आजी, नातवंडे, सगळे एकेक करून माझ्यासमोर बसत होते. एक लहान मुलगी ओरडली, "आई, ते माझ्याकडे बघून हसलं!" बक्षीस मिळालेला गुलाब कोपऱ्यात एकटा उभा होता. त्याला विचारायला कुणी गेले नाही.

चिटणीस नावाची पाटी घेऊन आले. "संग्राहक म्हणून नाव तुमचं लिहू ना?"

"तिचं लिहा."

"पण मिस्त्री, वाढवलं तर तुम्ही..."

"झाड तिचं. मी फक्त गार ठेवलं."

चिटणिसांनी मोठ्या अक्षरांत बाईंचे नाव लिहिले आणि पाटी माझ्या काचेवर चिकटवली. मिस्त्री बाजूला उभे राहिले. येणारा प्रत्येक माणूस ते नाव मोठ्याने वाचायचा आणि मग खाली बसायचा. मिस्त्री ते संध्याकाळपर्यंत ऐकत होते.

काही दिवसांनी फूल गळले. मिस्त्रींना वाईट वाटले नाही, कारण जाळीतून आणखी दोन दांडे उतरत होते. चिटणीस झाडाचा एक तुकडा मागायला आले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "देतो. पण आधी टाकी आणा." आता दुकानात फ्रिजांच्या रांगेत अशाच जुन्या टाक्या उभ्या असतात. कुणाची गळकी, कुणाची चिरलेली. साऱ्या माझ्याकडे बघतात, आणि मी थोरल्या बहिणीसारखी घुरघुरते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुणाची काळजी घ्याल तेव्हा आपल्याला काय द्यायला जमते ते आधी देऊ नका. त्याला काय हवे आहे ते आधी बघा. ते वरून दिसले नाही, तर जरा खाली वाका. वाकायला लाजू नका. आमच्या गावातल्या मोठ्यातल्या मोठ्या माणसांना मी वाकलेले पाहिले आहे, आणि उठताना ती सगळी हसत होती.