इंदूरच्या वीस पेट्या

काशीरामाच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. रत्नागिरीच्या बंदरावर घटकेत आगबोटीपर्यंत माल नेणाऱ्या पडावाकडे जाई, घटकेत आगबोटीचा धूर शोधी. लोकांच्या बागांतला आंबा पेट्यांत भरून मुंबईला धाडण्यात त्याची दहा वर्षं गेली. पण यंदा, बत्तीस साली, इंदूरच्या व्यापाऱ्यानं थेट त्यालाच पत्र लिहिलं होतं. वीस पेट्या कच्चा, कडक हापूस हवा. अक्षय्य तृतीयेच्या आत पोचला आणि चांगला निघाला, तर हंगामभर तुमचाच माल. आता माणूस एका जागी बसणार कसा, तुम्हीच सांगा!

मुंबईपर्यंत बोट, पुढे आगगाडी, असा पाच दिवसांचा प्रवास. आंबा न् आंबा त्यानं स्वतः दाबून पाहिला होता. पेंढ्यात रचायचं काम तेवढं बायकोवर, तुळसावर सोपवलं होतं.

पेटी पडावात ठेवता ठेवता पडावाचा तांडेल भिकाजी थबकला. “काय रे काशीराम, माल कच्चा म्हणालास ना? मग वास कसला येतोय?”

काशीरामानं हातोडा उचलला. खिळे उपटून त्यानं पेंढा बाजूला सारला. मधोमध एक पिवळाधमक आंबा, वर हळदकुंकू! दुसरी पेटी फोडली, तिच्यातही तेच.

देवापुढे ठेवलेलं फळ मालात घालायचं, म्हणजे मालाला यश येतं, ही तुळसाची रीत. मुंबईच्या पेट्यांत दर हंगामाला घाली. मुंबई एका रात्रीची, तिथे खपून जाई. पाच दिवसांत मात्र एक पिकला आंबा अख्ख्या पेटीचा चिखल करतो. पण इंदूर किती लांब, हे तिला सांगितलं होतं कोणी? कोणीच नाही!

तेवढ्यात आगबोटीचा भोंगा झाला. पिकले आंबे काढायला काशीराम पेट्यांवर तुटून पडला. सात फोडून झाल्या तसा भिकाजी ओरडला, “अरे बाबा, फोडलेली पेटी बोटीवरचा कारकून घेत नाय! उरलेल्या तशाच चढवू काय? बोल लवकर!”

चढवल्या तर इंदुरात नाव नासणार. नाही चढवल्या तर अक्षय्य तृतीया टळणार, कारण पुढची बोट दोन दिवसांनी. काशीरामानं हातातला हातोडा खाली ठेवला.

“नको,” तो म्हणाला.

बोट गेली. ‘माल येत नाही, चूक माझी,’ अशी तार करून तो घरी निघाला. वाटभर तुळसावर दात खात होता.

ती दारातच उभी. “चढल्या का हो पेट्या?”

तिचं तोंड बघून त्याचा राग कुठच्या कुठे गेला. “बोट भरली होती,” तो खोटंच बोलला.

“म्हणजे देवालाच कमी पडलं! पुढल्या खेपेला पेटीत दोन-दोन ठेवते.”

काशीराम ओटीवर टेकला. “तुळसा, इंदूरला पाच दिवस लागतात गो. तुला सांगायचंच राहिलं.”

ती बोटांवर दिवस मोजू लागली. चौथ्या बोटापाशी थांबली. “म्हणजे माझ्या पिकल्या आंब्यांनीच पेट्या अडवल्या!”