वरवरची लाल माती

मित्रांनो, मी कबड्डीचे एक जुने मैदान आहे. लालबागमध्ये एका चाळीमागे, पूर्वीच्या गिरणीच्या भिंतीला खेटून पडलेलो. माझ्या नावलौकिकाच्याही गोष्टी आहेत, पण आज मला माझ्या लाजेची गोष्ट सांगायची आहे.

मला घडवले गिरणी कामगारांनी. पाळी सुटली की ते घमेली घेऊन येत, माती चाळत, पाणी मारून तुडवत. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या कबड्डी मंडळाचे सगळे गडी एका ओळीत गुडघे टेकून बसत आणि तळहात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत. हाताला खडा लागला की तो बाहेर. कप्तान असो की नवा गडी, जो ओळीत बसला नाही तो दुसऱ्या दिवशी संघात नाही. कोणी खरचटून घेतले तर लोक त्यालाच हसत, मला नावे ठेवत नसत. मी तेव्हा फार तोऱ्यात होतो.

मग ब्याऐंशी साली संप झाला. महिने लोटले, निम्मे गडी कोकणात गावी गेले. ओळ मोडली. कोणीतरी चाळीच्या पडक्या मोरीचे विटा-दगडांचे डबर माझ्यावर आणून टाकले आणि ते पसरत मधल्या रेषेपर्यंत आले. घरोघरी चुली कशाबशा पेटत होत्या, तिथे मला कोण विचारणार? त्याचा मला राग नाही.

संपानंतर आमच्या मंडळातल्या आनंदाच्या वडिलांची गिरणी उघडलीच नाही. आनंदाची चढाई मात्र परळपर्यंत गाजलेली. एका कचेरीत खेळाडूंची भरती निघाली आणि निवड करणारे साहेब आमच्याच सामन्याला येणार असे ठरले. ही नोकरी लागली असती तर आनंदाचे घर सावरले असते.

मंडळाचा सेक्रेटरी जगन आनंदाचा जिवलग मित्र. सामना दुसरीकडे न्यावा तर मंडळाचे नाक कापले जाईल, असे त्याला वाटले. डबर न उपसताच त्याने वर थोडी लाल माती पसरली, पाणी मारले आणि फक्कीच्या सरळ रेषा ओढल्या. आनंदा सवयीने तळहात फिरवायला खाली बसला, तर जगनने त्याला दंडाला धरून उठवले.

"आता कसली ओळ बसवतोस? जेमतेम सात जण तर उरलोय. दिसतंय ना मस्त? बस झालं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मैदान छान ठेवले आहे म्हणून कौतुक केले आणि मी फुलून गेलो. पोटात काय आहे हे मला ठाऊक होते, तरी फुललो. त्याची मला आजही शरम वाटते.

तिसऱ्या चढाईत आनंदा गडी मारून परत फिरला, मधल्या रेषेकडे झेपावला आणि गुडघ्यावर आपटला. मातीखाली अर्धी वीट होती. त्याला उठताच येईना.

त्याची आई मंजुळा धावत आली. तिने माती उकरली आणि ती वीट जगनसमोर धरली.

"ही वीट हय खंयसून इली?"

तेवढ्यात आनंदा कण्हत म्हणाला, "आई, त्याला काय विचारतेस? माझाच पाय वाकडा पडला."

सगळ्यांनी तेच धरून ठेवले. नोकरी दुसऱ्याला मिळाली, आनंदाचा गुडघा कायमचा अधू झाला आणि जगन पुन्हा माझ्याकडे फिरकला नाही. दोष त्या बिचाऱ्या पायाच्या माथी गेला. मी आपला रेषा मिरवत पडून राहिलो.

पुढे गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला. आनंदा तिथे वॉचमन झाला. माझ्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, गवत माजले. परवा चाळीतल्या मुली आल्या. त्यांचा कबड्डीचा नवा संघ आहे. वरून माती टाकून घेतो, मग इथे सामने घेऊ का, असे त्यांनी आनंदाला विचारले.

तो लंगडत माझ्या मधोमध येऊन उभा राहिला.

"नको गं. हे मैदान खेळायच्या लायकीचं नाही. वर माती टाकू नका. आधी खणा."

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल खरे बोलणारा तो पहिला. मित्रांनो, तुमचेही एखादे मैदान असेल, तर त्याला नुसते सजवू नका. त्याच्या पोटात काय आहे तेही बघा.

मुली फावडी आणायला गेल्या आहेत. मला दुखेल. दुखू दे.