पिंपाला मानाचे नारळ

"आजपासून या खारजमिनीत समुद्र सरकारच्या परवानगीवाचून पाऊल टाकणार नाही!" ओव्हरसियर साहेबांनी बांधावर उभं राहून जाहीर केलं आणि लगेच दोन पावलं मागे सरले, कारण भरतीचं पाणी त्यांच्या बुटात शिरलं होतं.

स्वराज्य येऊन दहाएक वर्षं झाली होती. धरमतरच्या खाडीकाठच्या त्या बांधाला लोखंडी झडपेची नवी उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, बसली होती. ओहोटीला झडप उघडी, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी बाहेर. भरतीला बंद, म्हणजे खारं पाणी बाहेरच. झडपेला वर्दी द्यायला खाडीत एक बंद पिंप तरंगत ठेवलेलं. पाण्याबरोबर ते चढणार, खुणेला पोचलं की खिटी उचलणार, झडप धाडकन पडणार.

"पिंपाला पाणी कळतं, झडपेला पिंप कळतं," साहेब म्हणाले. "बोटभर पाणी चढलं तरी ते चढतं आणि दर वेळी त्याच खुणेला खिटी उचलतं. फक्त त्याच्यावर ओझं ठेवू नका. ते खाली दबेल आणि वर्दी उशिरा देईल."

हे भाषण गावाने चहा येईपर्यंत ऐकलं. येसूबाईने चहा गार होईपर्यंत ऐकलं. उघाडीला लागून पहिलं शेत तिचं होतं. खारं पाणी आत आलं तर आधी तिचा भात जळणार, मग गाव हळहळणार.

नारळी पुनवेला धर्माजी पाटलांनी ठरवलं की गाव राखणाऱ्या पिंपाला मानाचा नारळ द्यायचा. पहिला नारळ कोणाचा, यावरून भावकी पेटली. शेवटी तोड निघाली: घरटी एक. सगळे नारळ जाळ्यात भरून पिंपाच्या डोक्यावर बांधले, वर गुलाल उधळला. पिंप मानाने चांगलंच खाली बसलं.

दुपारी उधाणाची भरती आली. पाणी खुणेला लागलं, खुणेच्या वर गेलं. झडप उघडीच! खारं पाणी खळखळत आत घुसलं. येसूबाईने विळा उचलला आणि सरळ खाडीत उतरली.

"येसू! देवाच्या नारलाला हात लावतेस?" धर्माजी बांधावरून गरजले.

"देव कोन? ह्यो पिंप? परवापरवापर्यंत त्यात डांबर व्हता!"

"गाव वालीत टाकील तुला! हुक्कापानी बंद!"

"टाका! वालीत राहून मना भात पिकवता येल. खाऱ्या पान्यात न्हाय येनार. आनि नारल दर्याचा, तो दर्याला द्यायचा. तुमी मधल्या शिपायाला कशाला चारताव?"

"वयनी," शेजारच्या नामाने केविलवाण्या आवाजात हाक दिली, "माजा नारल तेवढा बाजूला ठेव."

विळा फिरला. घराघराचा मान डुचमळत दर्याकडे निघाला. पिंप टुणकन वर उसळलं, खिटी उचलली, झडप धाडकन पडली. आत घुसलेलं पाणी भातशेताच्या कडेच्या मेरेला टेकून थबकलं.

छातीभर पाण्यात, तोंडावर गुलाल, हातात विळा उंच धरून येसूबाईने साऱ्या गावाला आवाज दिला, "आता बोला! कोन टाकतो मना वालीत? यावं पुढं!"

धर्माजी धोतराचा सोगा निरखू लागले. येसूबाईने वाट पाहिली, मग आणखी थोडी पाहिली.

"अरे, कोनीतरी या रं पुढं," ती हळूच म्हणाली. "नामा भावोजी, जरा हात द्या. पाय चिखलात रुतलाय."