अडगळीतला रॅम्प

मित्रांनो, मी शाळेतला एक जुना लाकडी रॅम्प आहे. अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांना टेकून उभा असतो. पाठ दुखते, पण सांगणार कोणाला?

माझा जन्म राज्यघटनेतल्या एका ओळीमुळे झाला. हसू नका. चाकांच्या खुर्चीतून फिरणाऱ्या शिंपीणमावशीला दर मतदानाला चौघे उचलून या शाळेतल्या मतदान केंद्रात नेत. एकदा ती वैतागली आणि आमचा हक्क घटनेतच लिहा म्हणून सह्या गोळा करत सुटली. घटना बदलणं म्हणजे काही झब्ब्याच्या बाह्या आखूड करणं नव्हे! सभागृहात दोन तृतीयांश हात वर व्हावे लागले, मग प्रांतांनी होकार द्यायला वर्षं लावली. अखेर ओळ आली : प्रत्येक मतदाराला मतपेटीपर्यंत स्वतः जाता आलं पाहिजे. मग सुताराने मला ठोकून तयार केलं. पहिल्या निवडणुकीत मला हार घातला, मावशीसोबत माझा फोटोही निघाला.

पुढे कौतुक ओसरलं. कपाटं, फळे, पाण्याची पिंपं, सगळं माझ्या पाठीवरून गेलं.

गेल्या निवडणुकीत तर कहरच झाला. आदल्या दिवशी माझ्यावरून टेबलं आत नेली आणि कोणी अडखळायला नको म्हणून शिपायाने मला पुन्हा कोंडलं. सकाळी खोलीची किल्ली खिशात घालून तो आपल्या गावी मत द्यायला गेला.

दाराआडून मला सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, आम्ही उचलतो की," केंद्राध्यक्ष म्हणाले.

"मी काय पोतं आहे? रॅम्प काढा."

"मग मतपत्रिका बाहेर आणतो. इथेच शिक्का मारा."

"सगळ्या रांगेदेखत? अहो, मत गुप्त असतं ना?"

साहेबांनी माझ्या खोलीचं कुलूप खडखडवून पाहिलं. कुलूप तोडायला वरची परवानगी हवी होती. मावशी उन्हात बसून राहिली. शाळेचं शौचालयही पायऱ्या चढूनच. दुपार कलल्यावर ती सोबत आलेल्या भाचीला हळूच म्हणाली, "चल बाई, आता नाही धरवत."

खुर्चीची चाकं खडीवरून करकरत लांब गेली. मला फार वाईट वाटलं.

मग शिपाई उगवला. धावपळ करून मला पायऱ्यांवर टाकलं, मावशीला निरोप धाडला. पण घर लांब. भाची तिला ढकलत फाटकाशी आली, तेव्हा मतदान संपवून साहेब मतपेटीला लाख लावत होते.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "आज किती छान ठेवलाय," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन मत द्यायला जाल, तेव्हा आधी पायऱ्यांकडे बघा. मी दिसलो नाही तर साहेबांना विचारा, मला बाहेर काढायला लावा. मलाही चालता येत नाही.